दाढीचा फेस टिकत नाही? आधी पाणी तपासा!



खते, बियाणे, फवारणी हे विषय सोडून या वेळी दाढीच्या साबणाचा विषय कसा काय निघाला, असे वाटून तुम्हाला हसू येईल. पण गावोगाव फिरताना एक तक्रार नेहमी कानावर येते. “साहेब, साबण चांगला महागाचा आणला, पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून जातो.” मग माणूस साबणाला नावे ठेवतो, दुसरा साबण आणतो, आणि त्याचीही तीच गत होते. शेवटी अंगाच्या साबणाचा हात गालावर फिरवून दाढी खरवडली जाते. गाल जळतो, हनुवटी कापते, पुटकुळ्या येतात.

ही गोष्ट नुसत्या दिसण्याची नाही. दाढी करताना झालेली बारीकशी चीर म्हणजे रोगाला उघडलेले दार असते. त्या दारातून काय काय आत जाते ते पुढे पाहूच. आधी फेसाचे शास्त्र समजून घेऊ. ते एकदा कळले की पन्नास रुपयांच्या वडीतूनही घट्ट आणि टिकाऊ फेस निघतो.

फेस म्हणजे काय?

फेस म्हणजे साबणाच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात कोंडलेली हवा. साबण, पाणी आणि हवा या तिघांचे प्रमाण जमले की फेस घट्ट होतो. वड्यासाठी उडदाच्या डाळीचे पीठ फेटताना घरातल्या बाई काय करतात ते आठवा. पाणी एकदम ओतत नाहीत. थोडे थोडे शिंपडतात आणि फेटत राहतात. पीठ हलके झाले की त्याचा थेंब पाण्यात टाकून पाहतात. दाढीच्या फेसाचीही हीच रीत आहे.

आता अंगाचा साबण आणि दाढीचा साबण यांत फरक काय? खोबरेल तेलाचा अंश जास्त असलेल्या साबणाला फेस लगेच येतो, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर फुटतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल नावाचा मेणासारखा पांढरा स्निग्ध पदार्थ भरपूर असतो. त्याचा फेस यायला वेळ लागतो, पण बुडबुडे बारीक असतात आणि ते बराच वेळ टिकतात. चरबी आणि तेले कोणत्या आम्लांची बनलेली असतात हे शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले आणि १८२३ साली आपल्या ग्रंथात मांडले. स्टिअरिक आम्लाची ओळख त्याच्याच कामातून झाली.

दुसरा फरक क्षाराचा. अंगाचा साबण सोडियमच्या दाहक क्षारापासून करतात. दाढीच्या साबणात पोटॅशियमच्या दाहक क्षाराचा भाग मोठा असतो, त्यामुळे तो मऊ राहतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. पोटॅश म्हटले की तुम्हाला खताची गोणी आठवेल. मूलद्रव्य तेच, पण पदार्थ वेगळा. खताच्या पोटॅशचा साबण होत नाही, तेव्हा तो प्रयोग कुणी करू नये. याशिवाय दाढीच्या साबणात ग्लिसरीन असते. ते पाणी धरून ठेवते, म्हणून फेस गालावर लवकर वाळत नाही.

म्हणजे साबण चांगलाच असतो. मग घोडे पेंड खाते कुठे? बहुतेक वेळा पाण्यात!

दुष्फेन पाणी

शाळेच्या पुस्तकात ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी असे दोन शब्द तुमच्या मुलांनी वाचले असतील. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन, ज्यात येत नाही ते दुष्फेन. आपण बोलताना त्याला जड पाणी म्हणतो. पाणी खडकातून आणि मातीतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून बरोबर आणते. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातही ही दोन्ही द्रव्ये आहेत. म्हणून पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड लागते. अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील लोकांना तर खाऱ्या पाण्याचा जाच नव्याने सांगायला नको.

साबण अशा पाण्यात पडला की कॅल्शियम त्याला धरते आणि दोघांचा मिळून न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो चिकट पांढुरका थर बसतो तो हाच. पाण्यातले सगळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असे संपल्याशिवाय फेस धरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम सांगितली आहे. दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या विहिरीच्या पाण्यात हे प्रमाण ३०० आहे. हिशेब केला तर असे एक लिटर पाणी फेस येण्याआधीच सुमारे १.८ ग्रॅम साबण खाऊन टाकते. २० लिटरच्या बादलीला ३५ ग्रॅमच्या वर साबण गेला! भगिनींनो, साबणाची वडी आठवड्यात का संपते त्याचे उत्तर इथे आहे.

दाढीच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. दाढीला लागते तरी किती पाणी? अर्धा तांब्या. तेवढे चांगले पाणी मिळवणे कुणालाही अवघड नाही.

घरच्या घरी परीक्षा

एकाच मापाच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दुसरीत तुमच्या विहिरीचे किंवा बोअरचे. पावसाचे नसेल तर शुद्ध पाण्याच्या यंत्रावरचे घ्या. दोन्हींत साबणाचा सारखाच, हरभऱ्याच्या दाण्याएवढा किस टाका. तो विरघळू द्या, मग दोन्ही बाटल्या सारख्याच वेळा जोराने हलवा. पावसाच्या पाण्यावर फेसाचा जाड थर येऊन टिकेल. दुसऱ्या बाटलीत फेस कमी आणि पाणी गढूळ, साकाळलेले दिसले तर ते पाणी दुष्फेन समजावे. हे काम मुलांना द्या. त्यांनाही शास्त्र कळेल.

उपाय काय?

पहिला उपाय पावसाचे पाणी. पहिल्या एकदोन सरींनी छप्पर धुऊन निघू द्यावे, मग पागोळ्यांचे पाणी फडक्यातून गाळून झाकणाच्या भांड्यात भरावे. उघडे ठेवू नये, डास होतात.

दुसरा उपाय पाणी उकळण्याचा. जडपणा दोन प्रकारचा असतो. एक उकळल्याने जाणारा आणि दुसरा न जाणारा. पहिल्या प्रकारात दहा मिनिटे पाणी खळखळ उकळले की चुना भांड्याच्या तळाला आणि कडेला बसतो. निवल्यावर वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. चहाच्या पातेल्याला आणि बंबाला आतून पांढरे कीट धरत असेल, तर तुमच्याकडे हा उपाय लागू पडेल.

उकळूनही फरक पडला नाही तर जडपणा दुसऱ्या प्रकारचा आहे. मग गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्रावरचे पेलाभर पाणी दाढीपुरते बाजूला काढावे.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. तुरटी फिरवल्याने गढूळ पाणी निवळते, पण जडपणा जात नाही. आणि धुण्याच्या सोड्याने कपड्यांचे पाणी मऊ होते हे खरे असले तरी ते पाणी तोंडाला लावू नये. कातडी भाजल्यासारखी होते.

फेस करण्याची रीत

१. आधी तोंड कोमट पाण्याने चांगले धुवा आणि दोनतीन मिनिटे दाढी ओली राहू द्या. केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. मऊ केस कापायला पात्याला जोर लागत नाही. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर हे काम आपोआप होते. जुन्या काळी गावचे नाभिक धोकटीतली वाटी काढून नुसत्या पाण्याने, बोटांनी चोळून चोळून दाढी भिजवत. साबण दुर्मीळ होता, तरी त्यांचा वस्तरा सहज चाले. त्यांना भिजवण्याचे मर्म ठाऊक होते.

२. तोंड भिजते आहे तोवर ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेवा. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर पाचेक मिनिटे लागतात. नायलॉनसारख्या धाग्याच्या ब्रशाला नुसते बुडवून काढले तरी पुरते. साबणाच्या वडीवरही चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा.

३. वडीवरचे पाणी ओतून द्या. ब्रश दोनदा झटका. तो ओला असावा, पण त्यातून पाणी गळता कामा नये. बहुतेकांचे इथेच चुकते. ब्रश निथळता ठेवला की बुडबुडे भराभर येतात, माणसाला वाटते फेस झाला, आणि तो दोन मिनिटांत विरतो.

४. आता ब्रश वडीवर गोल गोल फिरवा. घाई करू नका. अर्धा मिनिट, म्हणजे तीस-चाळीस फेरे. ब्रशाच्या टोकांवर घट्ट, सायीसारखा लेप चढला पाहिजे. जड पाणी असेल तर आणखी दहावीस फेरे घाला. साबण कमी पडला तर पुढे कितीही घुसळून उपयोग नाही.

५. हा लेप वाटीत किंवा सरळ गालावर फिरवत घुसळा. दर दहा-पंधरा फेऱ्यांनी ब्रशाचे टोक पाण्याला जरासे टेकवा. एका वेळी चारपाच थेंब, जास्त नको. एक ते दोन मिनिटांत फेस फुलतो.

६. तयार फेसाची खूण अशी. त्यावर ओलसर चकाकी असते, मोठा बुडबुडा एकही दिसत नाही, आणि ब्रश उचलला की दह्याच्या कवडीसारखे टोक उभे राहते. चिमटीत धरून चोळले तर बोटे एकमेकांवरून सटकतात.

फेस बिघडला तर

पिकाचे पान पाहून आपण दुखणे ओळखतो, तसे फेसाचेही आहे. फेस कोरडा, पिठूळ आणि गालाला ओढ देणारा असेल तर पाणी कमी आहे. थेंब थेंब पाणी घालून घुसळा. फेस पातळ, मोठ्या बुडबुड्यांचा आणि ओघळणारा असेल तर पाणी जास्त झाले आहे. ब्रश झटकून पुन्हा वडीवर फिरवा. फेस आधी चांगला येऊन लगेच बसत असेल तर साबण कमी घेतला आहे. वाटीत दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर पाणी जड आहे. दिवस उन्हाळ्याचे असून अंगणात वाऱ्यावर बसला असाल तर फेस वाळणारच. आडोशाला बसा आणि एकेका गालाला फेस लावून तेवढीच दाढी करा.

दाढी केसांच्या कलाने करावी. जिथे पुन्हा पाते फिरवायचे तिथे पुन्हा फेस लावावा. कोरड्या गालावर पाते कधीही फिरवू नये. काम संपल्यावर ब्रश धुऊन, झटकून टांगून ठेवावा. वडीतले पाणी काढून तिला वारा लागू द्यावा. ओली वडी डबीत कोंडली की ती गळते आणि निम्मी फुकट जाते.

ब्रशाची एक जुनी हकिकत

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ ते १९१८ च्या दरम्यान, इंग्रज आणि अमेरिकन सैनिकांमध्ये व नागरिकांमध्ये दाढीच्या ब्रशामुळे एक भयंकर रोग झाला. नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले होते आणि त्या केसांत जनावरांच्या फाशी रोगाचे, म्हणजे काळपुळीचे, बीजाणू होते. दाढीच्या चिरेतून ते आत शिरले आणि माणसे दगावली. पुढे १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली.

आज कारखान्यातून येणाऱ्या ब्रशाची अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण आपण जनावरांत वावरणारी माणसे. घरच्या जनावरांच्या केसांचा ब्रश करू नये. आणि अचानक मेलेल्या, नाकातोंडातून काळे रक्त आलेल्या जनावराला हात लावू नये, कातडी सोलू नये. पशुवैद्यकांना कळवावे. फाशीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. दाढीची एक चीर त्यांना पुरते.

पाते ज्याचे त्याचे

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात चार पुरुष आणि पाते एक, हे अजूनही अनेक घरांत चालते. “आपलीच माणसे, परकी का आहेत?” असे म्हणतात. पण कावीळ ब चा विषाणू नातेगोते ओळखत नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशात, शरीराबाहेर, तो सात दिवस आणि त्याहूनही जास्त काळ जिवंत राहू शकतो. ज्याच्या अंगात तो आहे त्याला पुष्कळदा स्वतःलाही पत्ता नसतो. पुढे काही वर्षांनी यकृत निकामी होते किंवा यकृताचा कर्करोग होतो, तेव्हा कळते. कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोकाही रक्ताळलेल्या पात्यातून संभवतो.

म्हणून नियम करा. पाते ज्याचे त्याचे. तुरटीचा खडाही ज्याचा त्याचा, कारण तुरटीने रक्त थांबते, पण विषाणू मरण्याची खात्री नाही. नुसते पाण्याने धुतलेले पातेही निर्धोक होत नाही. बाजाराच्या दिवशी दुकानात दाढीला बसलात तर नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत घालायला सांगा. नाभिक बंधूंना त्यात राग येण्यासारखे काही नाही. नव्या पात्याने त्यांचाही जीव सुरक्षित राहतो, कारण चीर त्यांच्या बोटालाही पडते. कावीळ ब ची लस आहे. लहान मुलांना ती सरकारी लसीकरणात मिळते. मोठ्यांनी आरोग्य केंद्रात विचारावे. वापरलेले पाते मात्र उकिरड्यावर फेकू नका. तेथून ते शेणखतात जाते आणि खत पसरणाऱ्या बाईच्या हाताला किंवा गाईच्या पोटात निघते. पत्र्याच्या जुन्या डब्यात साठवा.

फवारणी आणि दाढी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्या वर्षापासून मी प्रत्येक सभेत एक गोष्ट सांगत आलो आहे. फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करू नका. ताज्या दाढीने कातडी सोललेली असते, बारीक चिरा पडलेल्या असतात, आणि औषध कातडीतून आत जाते. पण वाढलेली दाढीही कामाची नाही, कारण तिच्यामुळे तोंडावरचा मुखवटा घट्ट बसत नाही. म्हणून दाढी आदल्या संध्याकाळी करावी, भरपूर फेस लावून, न कापता. फवारणीनंतर साबणाने हातपाय, तोंड, मान धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि त्या संध्याकाळी पाते गालाला लावू नये.

पाण्याची ती बाटलीची परीक्षा इथेही उपयोगी आहे. मावा किडीसाठी साबणाचे पाणी फवारणारे बरेच जण आहेत. जड पाण्यात त्या साबणाचा साका होतो, तोटी तुंबते आणि कीड मरत नाही. काही तणनाशकांची ताकदही जड पाण्याने कमी होते. बाटलीत पाणी साकाळले तर बाटलीभर नमुना जिल्ह्याच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. ठिबकच्या नळ्यांत चुना का धरतो आणि जमीन का चोपण होत आहे, याचाही उलगडा त्या अहवालातून होईल.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी हात कापणारे आजोबा असतील, अंथरुणाला खिळलेले वडील असतील. त्यांची दाढी आठ-आठ दिवस वाढते, खाज सुटते, आणि कुणाला सांगायचे म्हणून ते गप्प बसतात. अशा माणसाची दाढी हळूच, थांबत थांबत करावी लागते. कातडी सैल असते, ती दोन बोटांनी ताणून धरावी लागते. तिथे फेस टिकलाच पाहिजे. मधुमेह असेल तर जखम लवकर भरत नाही, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून पाते नवे घ्या, दाब देऊ नका.

मिसरूड फुटलेल्या मुलाला हे काम शिकवा. स्वतःच्या दाढीआधी आजोबांची दाढी करायला शिकला तर त्याचा हात हलका होईल. येत्या रविवारी सकाळी अर्धा तांब्या चांगले पाणी काढा, ब्रश भिजत घाला आणि आजोबांना उन्हात खुर्ची द्या.